फायबर गावात आले, उंबऱ्याच्या आत का येत नाही?

वसनाकाठ
नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातील एका गावी राहतो. शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहे आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या बैठकांना न चुकता जातो.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. तालुक्याहून आलेले ऑप्टिकल फायबर तिच्यात येऊन संपते. पेटी बसवली त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि फोटोही निघाले. त्यानंतर बराच काळ तिचा उपयोग छत्र्या अडकवण्यासाठी झाला. गेल्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली आणि गावातल्याच एका तरुणाने तिथून घरोघरी जोडण्या देण्याचे काम घेतले. गावठाणात १५० च्या वर उंबरे आहेत. त्यांतील २२ घरांनी जोडणी घेतली आणि तीन महिन्यांत ५ घरांनी ती बंदही केली.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, ज्याची तरतूद १,३९,५७९ कोटी रुपये असून दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. म्हणजे ग्रामपंचायतीची भिंत हे शेवटचे स्थानक नव्हे, हे आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला हा विषय मांडायचा आहे. लोक जोडणी का घेत नाहीत, आणि घेतलेली का सोडतात? आपापल्या गावचा अनुभव लिहावा. ‘लोकांना कळत नाही’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये. ते मी शाळेच्या शिक्षक-खोलीत ३२ वर्षे ऐकले आहे.

हिशेबनीस
गुरुजी, उत्तर सरळ आहे. गरज नाही म्हणून घेत नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यापासून मोबाइलवरचे इंटरनेट खेडोपाडी पोहोचले आहे. घरातील प्रत्येकाच्या फोनवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा असताना महिन्याला आणखी चार-पाचशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कोणी का भरावा?

दुसरी बाब पैशाची. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाचे ५ टक्के ज्या निधीत जमा होतात, त्यातूनच ही योजना चालते. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा शेवटी आपल्याच रिचार्जमधून जातो. मागणी नसलेल्या ठिकाणी तो पुरून ठेवायचा आणि मग लोक का घेत नाहीत म्हणून ग्रामसभेत चर्चा करायची, हा क्रम मला उलटा वाटतो.

बेदाणा
आमच्या घरी पाच फोन आणि पाच रिचार्ज आहेत. द्राक्षबागेत पाचांपैकी एकालाही रेंज नाही. औषध फवारणीचा सल्ला घ्यायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावे लागते. हिशेबनीसांनी एकदा तासगाव तालुक्यात यावे, टाकीची शिडी मी धरतो.

तारजोड
मी कराड-पाटण भागात फायबर जोडण्याचे काम करतो. आधी हिशेबनीसांच्या मुद्द्याविषयी थोडे लिहितो.

मोबाइल आणि फायबर या दोन वेगळ्या वाटा आहेत असे समजून आपण बोलत आहोत. फोनपासून टॉवरपर्यंतचाच प्रवास हवेतून होतो. टॉवरपासून पुढे एक तर डिशसारख्या थाळीवरून मायक्रोवेव्हने जातो किंवा फायबरमधून. ज्या टॉवरला फायबर नाही, तिथे संध्याकाळी सात ते दहा फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. फाइव्ह-जीला तर फायबरची गरज आणखीच वाढते. त्यामुळे गावापर्यंत आलेली केबल वाया गेली असे म्हणता येणार नाही.

आता गुरुजींचा प्रश्न. माझ्या अनुभवात लोक दरामुळे सोडत नाहीत, लाल दिव्यामुळे सोडतात. घरातल्या पेटीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा असतो. केबलमधून येणारा प्रकाश येईनासा झाला की तो लाल होतो. प्रकाशाची पातळी उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) खाली गेली तरी गाडी रडतखडत चालते. केबल दाबली गेली, वळवताना मुडपली किंवा जॉइंटच्या डबीत पाणी शिरले, एवढे त्याला पुरते. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याहून निघालेली केबल बहुतेक ठिकाणी गावामागून गाव अशी एका रेषेत टाकली गेली. रस्ता रुंदीकरणाच्या किंवा नळपाणी योजनेच्या जेसीबीने मध्ये कुठे ती उचकटली की पुढची सगळी गावे बंद पडतात. सुधारित कार्यक्रमात वलयाची रचना आहे. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, असा तिचा हेतू आहे.

तुटलेली केबल जोडायला मला पाऊण तास लागतो. ती नेमकी कुठे तुटली हे शोधायला, तिथवर पोहोचायला आणि खोदणाऱ्याने ‘आम्ही नाही तोडली’ म्हटल्यावर त्याची समजूत घालायला दोन दिवस जातात. ग्राहकाला हे दोन दिवस दिसत नाहीत, त्याला लाल दिवा दिसतो. आणि तक्रार घ्यायला कोणी नसेल तर त्या दोन दिवसांचे वीस होतात.

पाटणखोरे
तारजोड यांच्याशी सहमत आहे, एक भर घालतो. आमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यात केबल जमिनीखाली कमी आणि खांबांवरून जास्त आहे. जून ते सप्टेंबर झाडे पडतात, दरडी येतात. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसे गेली, त्यानंतर पावसाळ्यात संपर्क असणे ही आमच्याकडे चैनीची गोष्ट राहिलेली नाही. डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज पोहोचत नाही, म्हणून फायबरची सर्वांत जास्त गरज आम्हाला आहे; आणि खांबावरची केबल टिकत नाही, म्हणून सर्वांत कमी भरवसाही आमचाच आहे. गरज नाही असे म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

वानरांचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. ती केबलला झोके घेतात. त्यावर उपाय कोणाकडे असल्यास कळवावा.

बेदाणा
वानरे ही या जाळ्याची सर्वांत नियमित वापरकर्ती दिसतात. त्यांची नोंद आकडेवारीत घ्यावी.

केंद्रचालक_खटाव
मी ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. एक कबुली देतो. ज्या पेटीतून गावाला इंटरनेट मिळायचे, तिच्याच खाली बसून मी मागच्या वर्षी सहा महिने स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढले. पेटीची बॅटरी उतरली होती आणि नवी कोणी बसवायची हे ठरत नव्हते. ग्रामपंचायत म्हणे, ते आमच्याकडे हस्तांतरित झालेले नाही. ठेकेदार म्हणे, आमचा करार संपला. वीजबिल कोणी भरायचे, हा आणखी वेगळा वाद.

लोक रोज उताऱ्यासाठी, पीक विम्यासाठी, रहिवासी दाखल्यासाठी येतात आणि हे सगळे पाहतात. ‘केंद्रवालाच मोबाइलवर चालवतोय, मग आपण केबल कशाला घ्यायची?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्या माणसाला काही कळत नव्हते असे मला मुळीच वाटत नाही.

खानापूरकर
आमच्या विटा-आटपाडी भागाची गोष्ट निराळी आहे. इकडची निम्मी घरे गलाईच्या व्यवसायात आहेत. सोने-चांदी गाळण्याची दुकाने केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत, आणि गावाकडे बंगल्यात म्हातारे आई-वडील किंवा नुसते कुलूप. आमच्या गावात सर्वांत आधी फायबर कोणी घेतले असेल? कुलूप असलेल्या बंगल्यांनी! सीसीटीव्ही लावला की मालकाला कोइमतूरच्या दुकानात बसून गावातले फाटक दिसते. त्यानंतर ज्यांच्या घरी एकटी आई आहे त्यांनी घेतले, कारण व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा पाहिल्याशिवाय मुलाला झोप येत नाही.

यावरून मला असे वाटते की इंटरनेट वेगवान आहे म्हणून कोणी घेत नाही. एखादे ठरावीक काम असते आणि ते दुसऱ्या मार्गाने होत नाही, तेव्हा घेतात. गुरुजी, तुमच्या गावातले ते काम कोणते, हे शोधावे लागेल.

जतपूर्व
सर्वांचे प्रतिसाद वाचले. सगळी चर्चा गावठाणाची चालली आहे. आमच्या जत तालुक्यात, जो क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यात सर्वांत मोठा आहे, अर्धे गाव मळ्यात आणि वस्त्यांवर राहते. पेटी ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत वेशीजवळ आणि माझे घर तिथून साडेतीन किलोमीटर. घरापर्यंत केबल ओढण्याचा खर्च आणि वाटेतल्या खांबांची परवानगी कोणाची, हे मी विचारले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मला एअर फायबरचे, म्हणजे तारेविना हवेतून येणाऱ्या इंटरनेटचे, पत्रक दिले. पत्रकावरचे चित्र छान होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘गाव जोडले’ या नोंदीत माझी वस्ती जोडलेली धरली जाते, आणि नंतर ‘लोक घेत नाहीत’ या नोंदीत न घेणारा म्हणूनही मीच धरला जातो. मला आजपर्यंत कोणी विचारलेलेच नाही.

वसनाकाठ
जतपूर्व, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मी १५० उंबरे लिहिले ते गावठाणातलेच, मळ्यातली घरे मी स्वतःच मोजली नाहीत. चूक मान्य करतो.

मेलबर्नची_सातारकर
माहेर वाईचे, गेली बरीच वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. इथल्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणून लिहिते.

इथे २००९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याची घोषणा झाली. बहुतेक घरांपर्यंत थेट फायबर न्यायचे होते, पुढे तो आकडा ९३ टक्के ठरला. सुरुवात २०१० मध्ये टास्मानियातील स्मिथटन, स्कॉट्सडेल आणि मिडवे पॉइंट या तीन लहान गावांतून झाली. तिथेही गुरुजींचाच प्रश्न उभा राहिला. केबल दारावरून जाते, पण ती घरात आणायला घरमालकाची संमती लागते, आणि कितीतरी माणसे तो कागदच परत पाठवत नसत. विरोध म्हणून नव्हे, राहून जाते म्हणून. शेवटी टास्मानियाने पद्धत उलटी केली : जो स्पष्ट नकार देईल त्याचे घर वगळायचे, बाकी सर्वांच्या भिंतीवर पेटी बसवून टाकायची.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. नवे जाळे एखाद्या भागात सुरू झाले की साधारण १८ महिन्यांनी तिथली जुनी तांब्याची टेलिफोन लाइन बंद केली जाई. म्हणजे घरचा फोन हवा असेल तर नव्या जाळ्यावर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. इथे इतकी घरे जोडली गेली, त्यात या सक्तीचा वाटा मोठा आहे. लोकांना अचानक वेगाची ओढ लागली असे झालेले नाही. २०१३ च्या सत्तांतरानंतर थेट फायबरऐवजी अनेक ठिकाणी जुन्या तांब्यावरच शेवटचा टप्पा भागवला गेला आणि त्यावरून इथे अजून वाद होतात. म्हणून परदेशात सगळे सुरळीत असते असेही समजू नये.

हिशेबनीस
ताई, माहितीबद्दल आभार, पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सक्ती केल्यावर लोक आले. आपल्याकडे तसे करताही येणार नाही, कारण तांब्याची तार सरकारने बंद करायच्या आधीच लोकांनी सोडली. माझ्या घरी लँडलाइनच्या जोडावर आता आकाशकंदील टांगतो.

मात्र एका बाबतीत मी मागे सरतो. केंद्रचालक आणि जतपूर्व यांचे लिहिणे वाचून ‘मागणी नाही’ हे माझे विधान घाईचे होते असे वाटते. जी वस्तू चालू अवस्थेत कोणाला मिळालीच नाही, तिची मागणी मोजणार कशी? तरीही खर्चाचा प्रश्न मी सोडलेला नाही.

अभ्यासिका
एक वेगळा मुद्दा मांडते. जोडणी घेणे म्हणजे घरटी एक बिल, असेच आपण का धरतो? आमच्या गावच्या वाचनालयात अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा देणारी ३५ ते ४० मुले-मुली तिथे बसतात. वाचनालयाने एकच जोडणी घेतली आणि ती सगळी मुले सराव परीक्षा आणि व्याख्याने त्यावर पाहतात. कागदावर ही एक जोडणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली, तिच्यात तर किराणा दुकानदारालाही परवाना न काढता सार्वजनिक वायफाय देता येते. ज्यांच्या घरी महिन्याचे बिल जड जाते त्यांना दिवसाचे थोडे पैसे देऊन वापरता येईल. माझ्या अभ्यासिकेतल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या घरी एकच फोन आहे आणि तो भावाकडे असतो, हेही नोंदवून ठेवते.

बेदाणा
कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळे टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. तिथे फायबर दिले तर साडेआठला काय गर्दी होईल, याचा विचार तारजोड यांनी करून ठेवावा.

वसनाकाठ
त्यावरूनच विचारतो. ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस आणि उद्या खरोखरच १५० घरांनी जोडणी घेतली, तर वाट्याला काय येणार?

तारजोड
प्रश्न रास्त आहे. पण १०० हा आकडा ग्रामपंचायतीला द्यायच्या सेवेचा होता, काचेच्या तंतूची ती मर्यादा नाही. ज्याला आम्ही जीपॉन म्हणतो त्या पद्धतीत एका पोर्टवरून अडीच गिगाबिट खाली येते आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाते. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग खेचत नाहीत. अडचण येते ती तालुक्यापासून वरच्या बाजूला, तिथे किती क्षमता घेतली आहे यावर. जोडण्या देणाऱ्या तरुणाला हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर देता आले नाही तर ६० व्या घरानंतर संध्याकाळी रडारड सुरू होईल.

आणि ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर विसंबू नका. २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाले, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. देशातील ब्रॉडबँड ग्राहकांच्या आकड्यात बहुसंख्य मोबाइलवालेच असतात. ग्रामसभेत कोणी तो आकडा फेकला तर त्यात घरातल्या तारेचे किती, हे विचारावे.

वसनाकाठ
चार दिवस इकडे फिरकलो नाही, कारण जोडणी बंद करणाऱ्या पाचही घरी जाऊन आलो. खानापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे ‘कोणत्या कामासाठी घेतली होती’ हा प्रश्न आधी विचारला.

दोन घरे तारजोड यांच्या लाल दिव्याची निघाली. गावातून मुरुमाचा डंपर गेला, त्यात केबल तुटली आणि जोडण्या देणारा तरुण त्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नात होता. पंधरा दिवस कोणी आले नाही, पण बिल आले. ते लोक बंद पडल्याबद्दल रागावलेले नाहीत, बिलाबद्दल रागावलेले आहेत. तिसरे घर मुलाकडे पुण्याला गेले. चौथ्या घरी आजींनी राउटर रात्री लुकलुकतो म्हणून त्यावर गोधडी टाकली होती, तो तापून बंद पडला.

पाचव्या घराने मला विचार करायला लावले. शेतकरी माणूस, जोडणी आवडली होती, मुलगी बारावीला आहे. तो म्हणाला, ‘गुरुजी, माझा पैसा उसाच्या बिलाला येतो आणि तुमचे बिल दर पाच तारखेला येते. दोघांची गाठ पडत नाही.’ दर परवडत नाही असे तो म्हणाला नाही. वर्षाचे एकदम भरायला तो तयार आहे, कारखान्याचे बिल जमा झाले की. वर्गणी, सोसायटीचे कर्ज, दुकानाची उधारी, गावातले सगळे व्यवहार त्याच तारखेवर चालतात. हे एकच बिल शहराच्या पगाराच्या तारखेवर चालते.

म्हणून ग्रामसभेत ‘इंटरनेटचे फायदे’ यावर भाषण करायचे नाही असे ठरवले आहे. बंद दिवसांचे बिल लागणार नाही आणि हंगामाला वर्षाचे भरता येईल, या दोन गोष्टी त्या तरुणाकडून ठरावात लिहून घ्यायच्या. तो गावात नसेल तेव्हा कोणाला हाक मारायची, त्याचे नाव फळ्यावर लिहायचे. पेटीच्या बॅटरीचा आणि वीजबिलाचा खर्च ग्रामपंचायतीने उचलायचा. अभ्यासिकेची जोडणी सर्वांत आधी. मळ्यातल्या घरांची यादी मी स्वतः करतो आहे, आज ६४ झाली.

जतपूर्व
यादी केलीत हेच पुष्कळ. आमच्याकडे ती कोणी केली तर मी चहा पाजतो.

हिशेबनीस
बंद दिवसांच्या वजावटीचा ठराव जरूर करा, पण वजावट मोजणार कोण? एक वही ठेवा. बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि दोघांच्या सह्या. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन मी तुमच्याशी वाद घालायला येईन.

तारजोड
वहीत आणखी एक रकाना ठेवा : तुटले कुठे. सहा महिन्यांनी तो रकाना वाचला की केबलचा कोणता तुकडा खांबावरून काढून जमिनीत घालायचा ते आपोआप कळते. आणि गुरुजी, राउटर उंच फळीवर ठेवायला सांगा. गोधडी तिथवर पोहोचत नाही.